चषकाआधी नळी तपासा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या क्राफ्ट बिअरवर आलेला लेख वाचला. त्यात एका स्थानिक ब्रूअरीच्या (बिअरच्या कारखान्याच्या) पेल एल या फिकट बिअरला पाचपैकी दोन तारे मिळाले आहेत, कारण ती म्हणे लोण्यासारखी गुळमट लागते आणि मागून आंबट होते. लेखकाच्या जिभेबद्दल माझी तक्रार नाही. ज्या ठिकाणी त्यांनी ती प्यायली तिथेच मीही प्यायलो आहे आणि ती अगदी तशीच लागली. पण ते दोन तारे ब्रूअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, खात्यावर मांडले, तिथे हिशेब चुकला.

माझं वय ६७. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघात ३१ वर्षं गुणनियंत्रण विभागात होतो. पहाटे गाड्या डॉकला लागल्या की ४० लिटरच्या कॅनचं झाकण उचलायचं आणि पहिला वास घ्यायचा. झाकणाखाली कोंडलेला वास एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा नाक घालावं तर निम्मा उडालेला असतो. लॅक्टोमीटर, फॅट, आम्लता हे सगळं त्याच्यानंतर. जनावराने कांद्याची पात खाल्ली असेल, कॅन नीट न धुता झाकून ठेवला असेल, नाक आधी सांगतं. निवृत्तीनंतर पुण्याला आलो, मुलाने एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळाची ताजी बिअर मिळते तिथे, नेलं आणि पहिल्याच ग्लासात माझं जुनं काम मला परत भेटलं. (आजीवन परवाना आहे माझ्याकडे, काळजी नसावी.) बायको म्हणाली, "अहो, जन्मभर दुधाचे वास घेतलेत, आता एवढंच राहिलं होतं."

हल्ली ज्याला आपण पेल एल म्हणतो तिचा वळसा बहुतेक वेळा अमेरिकन असतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाने १९८० मध्ये कॅस्केड नावाच्या हॉप्सची (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांची) पेल एल काढली आणि तो वास जगभर गेला. पपनस सोलताना सालीतून जो फवारा उडतो ना, तो वास. त्याच्या मागे थोडी राळ. खाली माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा, मारी बिस्किटाइतकाच, त्याहून जास्त नको. कडवटपणा हवा, पण पाडव्याच्या कडुनिंबासारखा जिभेला धरून बसणारा नव्हे. मेथीच्या भाजीसारखा, पुढचा घास मागणारा. हॉप्सची वेल भांगेच्या कुळातली आहे, हे मात्र मी घरी अजून सांगितलेलं नाही.

आता त्याच ठिकाणची माझी ती संध्याकाळ. बिअरचा मग थेट फ्रीजरमधून आला, बाहेर पांढरं दव. इतक्या गार काचेला वास कसला येणार! दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटं बसलो. वेटरला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय. दव विरलं तेव्हा आत बाजूच्या काचेला बुडबुडे चिकटलेले दिसले. स्वच्छ काचेला ते चिकटत नाहीत, तळातून सरळ वर जातात. फेसही बघता बघता बसला. तेलकटपणाचा अंश राहिला की फेस टिकत नाही, आणि शेजारच्या टेबलावर लस्सीचे ग्लास होते. धुण्याची जागा एकच असेल, असा आपला माझा अंदाज.

मग नाक घातलं आणि हसूच आलं. डायअॅसिटिल! लोण्याला लोण्याचा वास ज्याच्यामुळे येतो तो हा पदार्थ. आम्ही तो यावा म्हणून मुद्दाम खास विरजण लावायचो आणि चांगला उतरला की एकमेकांना टाळी द्यायचो. पेल एलमध्ये तोच दोष. तो दोन वाटांनी येतो. किण्वन (आंबवणं) संपताना यीस्टला आणखी दोन-तीन दिवस उबेत राहू दिलं, तर ते हा वास स्वतःच गिळून टाकतं. घाई केली की राहतो. ही झाली ब्रूअरची चूक. दुसरी वाट म्हणजे पिंपापासून नळापर्यंतची नळी. तिच्यात जिवाणूंचा थर बसला की लोणी येतंच, वर आंबटपणाही येतो. इथे दोन्ही होतं.

तेवढ्यावर निकाल दिला असता तर तुमच्या लेखकात आणि माझ्यात फरक काय? म्हणून त्याच ब्रूअरीच्या त्याच एलचे दोन कॅन आणले, भरल्याची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. फ्रीजमधून काढून साधे काचेचे पेले भरले, डेअरीतला जुना थर्मामीटर बुडवला आणि आठ अंशांवर चव घेतली. बीजेसीपी या अमेरिकन परीक्षक संस्थेचा तक्ता वापरला. त्यात एकूण ५० गुण: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकंदर मताला १०. कॅनला मी ३८ दिले. वासाला ९, कारण पपनस होतं पण राळ हरवली होती. चवीला १५, शेवट किंचित लवकर तुटतो म्हणून. लोण्याचा मागमूस नाही. आता कॅनची बॅच वेगळी असू शकते, म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन नळाचीही घेतली. तिला ३६. आणि त्या पहिल्या मगाला? २२, तेही हात सैल सोडून.

त्या पहिल्या जागी मॅनेजरला विचारलं होतं, "नळी शेवटची कधी धुतली?" तो म्हणाला, "सर, रोज पाणी सोडतो." पाण्याने थर निघाला असता तर दूध संघांनी कॉस्टिक सोडा विकत घेतलाच नसता. आमच्याकडे प्रत्येक पाळीनंतर पाइपलाइनमधून गरम कॉस्टिक, मग पाणी, आणि दुधातल्या क्षारांचा दूधखडा धरू नये म्हणून अधूनमधून अॅसिड फिरायचं. बिअरच्या नळीला इतकं नको, पण दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक हवंच, असं अमेरिकेतल्या ब्रूअरांची संघटनाच सांगते.

२००९ मध्ये डूलाली या कंपनीने पुण्यात मायक्रोब्रूअरी (जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रूअरी) सुरू केली, तेव्हापासून या शहराला ताज्या बिअरचं कौतुक आहे. ते लिहिताना ताऱ्यांखाली एक ओळ छापावी एवढीच विनंती: कुठे प्यायली, कोणत्या तारखेला, नळाची की कॅनची, आणि किती गार. जमलं तर त्या एलची पुन्हा एकदा चव घ्यावी, कॅनमधून.

मॅनेजरने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आग्रहाने एक गुलाबजाम फुकट दिला. बिअरचा तो मग मी अर्धा टाकला होता. बिलात तो पूर्ण लागला.

आपला,
एक निवृत्त दुग्ध तपासनीस
कोथरूड, पुणे