नाइटच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

नाव मुद्दाम लिहीत नाही. मेडिसिनच्या महिला वॉर्डात तेव्हा जेआर वन, म्हणजे एमडी करणारे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट डॉक्टर, असलेले सगळे ओळखतील, तेवढं पुरे.

इमर्जन्सी ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाच्या पोस्ट-ड्युटीचीही रात्र झाली होती. मी डिस्चार्ज कार्डावर एकच औषध पुन्हा पुन्हा लिहीत होते. तुम्ही पेन काढून घेतलंत आणि जेवलात का विचारावं तसं विचारलंत, "डॉक्टर, जीव द्यावासा वाटतोय का?" असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मला कुणी विचारेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी "हो" म्हणाले.

तुम्ही दचकला नाहीत. आईबाबांची आठवणही करून दिली नाहीत. औषधांच्या कपाटाची चावी खिशात टाकलीत, सिनियरला "यांना आता सोडा" म्हणून फोन केलात आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून मोबाइल माझ्या हातात दिलात. आमच्याच ओपीडीत केसपेपर काढायची मला धास्ती. दुपारपर्यंत कॅन्टीनला कळलं असतं. उपचारांची गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे खरा, पण मेसच्या टेबलावर कायदा कोण वाचतं? सकाळी ड्युटी संपल्यावर घरी न जाता तुम्ही मला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलंत आणि रांगेत उभ्या राहिलात.

त्यानंतर आमच्यासाठी 'ताणमुक्ती'चं व्याख्यान झालं. ड्युटीवाल्यांना जाताच आलं नाही! रेसिडेंटची ड्युटी सहसा सलग १२ तासांवर जाऊ नये, हे केंद्राने १९९२ मध्येच लिहून ठेवलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात, पाहणीला उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगितलं. वाचून मला धक्का नाही, संताप आला.

निदान आमची मोजदाद तरी झाली. तुमची डबल ड्युटी, एका सिस्टरमागे अख्खा वॉर्ड, वर नातेवाइकांच्या शिव्या; तुम्हाला कोण विचारतं?

माझ्या गोळ्या चालू आहेत, झोप येते, थीसिस सबमिट झाला. मनापासून आभार. आता तुम्ही कशा आहात ते कळवा. "बरी आहे" एवढंच लिहिलंत तर चालणार नाही, मी फोन करणार.

तुमची,
तेव्हाची जेआर वन