पहिली हळद

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वंदना डेपोला शिवनेरीत बसलीस आणि खिडकीतून हातसुद्धा केला नाहीस. रागावलेली अस, पण पोचल्याचं कळवायचं.

‘पहिली हळद आईच लावणार’ म्हणालीस आणि मी उठून आत गेले. तुला वाटलं, लोकांना घाबरले. लोकांचं काही नाही गं. तुला काही होईल, याची भीती वाटते.

आठवतं का, बाबांनंतरचा पहिला चैत्र? बाहेर हळदीकुंकू, मी आत आंब्याची डाळ वाढत होते. तू करंडा घेऊन आत आलीस. आठ वर्षांची होतीस. माझ्या कपाळावर कुंकू लावलंस, थोडं नाकावर सांडलं. दारात आजी उभी होती. काही न बोलता ती परत वळली. तेराव्याला माझ्या बांगड्यांना तिनेच कुणाला हात लावू दिला नव्हता, तरी तेव्हा तिने मान फिरवली. त्याच जूनमध्ये तू जिन्यावरून पडलीस, हात मोडला. मी कुणाला बोलले नाही, पण मनात सांगड बसली ती बसलीच.

आणि माझ्या वह्या-बिलांच्या खणात एक कात्रण आहे. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढलं, बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेच करावं म्हणून. वर्गात मुलांना ते वाचून दाखवताना माझा आवाज भरून आला होता. तुझ्या हळदीचा विषय निघाला आणि तीच मी मागे सरले.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी आहे, सवाष्ण कुठेच नाही, हे तू शोधून काढलंस. पटलं मला. अभिमानही वाटला, तेव्हा बोलले नाही. पण आजीला ‘तुमच्या धर्मात माणुसकी नाही’ म्हणालीस ते बरोबर नव्हतं. रूढी मोडायची तर ती पाळण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्याशी आवाज खाली ठेवून बोलावं, त्यांना वेळ द्यावा, आपण शिकलो म्हणून... असो. पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. तू माझ्यासाठी भांडत होतीस, हे मला कळतं.

तुझा हात जिना ओला होता म्हणून मोडला. सतरा वर्षांनी आज हे कागदावर लिहिते आहे. लिहितानाही छातीत धडधडतं.

काल जांभळी नाक्यावरून हळकुंडं आणली. लावेन मी. पहिली मीच लावेन. फक्त सुलूमावशी माझ्या शेजारी उभी असू दे, माझा हात थरथरला तर धरायला. त्यावरून वाद नको.

अकरा वाजले. पोचलीस का?

तुझी,
आई