मॅचच्या रात्री चर्चगेटची मेट्रो उशिरापर्यंत चालू ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयपीएल जवळ आली की आमच्या घरात तिकिटांची चर्चा सुरू होते. मुलगी नववीत आहे, क्रिकेट म्हणजे जीव की प्राण, म्हणून वर्षातून एकदा तरी पैसे साठवून तिला वानखेडेवर नेते. २०२५ च्या सीझनला गेलो तेव्हा सतराव्या ओव्हरला उठलो. मॅच अगदी रंगात आलेली, दव पडलेलं, बॉलरच्या हातात बॉल राहत नव्हता आणि माझी नजर सारखी घड्याळावर, कारण आम्ही राहतो मरोळला, म्हणजे चर्चगेटहून लोकलने अंधेरी आणि मग पूर्वेला मध्यरात्री रिक्षा शोधायची, दोघीच बायका. चर्चगेट सोडलं की गाडी स्टेडियमला खेटूनच मरीन लाईन्सकडे जाते ना, तिथे फ्लडलाईटचा उजेड डब्यात आला आणि आतून एकदम मोठा ओरडा ऐकू आला. पोरगी काही बोलली नाही, पण अंधेरी येईपर्यंत दाराबाहेरच बघत होती.

आता मेट्रो ३ झालीये. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमच्यासारख्यांचं नशीबच उघडलं असं वाटलं, कारण चर्चगेट ते मरोळ नाका थेट गाडी, ना बदलायची कटकट ना ब्रिज चढायचा. आरे ते कफ परेड सगळं अंतर ३३.५ किलोमीटर, जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये, एसी गाडी. वानखेडेवरून चालत दहा-पंधरा मिनिटांवर स्टेशन. पण लाईन पूर्ण सुरू झाली तेव्हा वेळ जाहीर झाली ती सकाळी ५.५५ ते रात्री १०.३०. संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते, संपायला सव्वाअकरा-साडेअकरा होतातच, सुपर ओव्हर झाली तर विचारूच नका. म्हणजे जाताना मेट्रो आणि येताना परत तीच लोकल.

रात्री रूळ, वायर, सिग्नल तपासायचे असतात, त्याला वेळ लागतो, ते मान्यच आहे. रोज रात्रभर चालवा असं कोणीच म्हणत नाही. आयपीएलमध्ये एका टीमच्या घरच्या मॅच साधारण सात, त्यातल्या एखाददोन दुपारी. त्यात अधूनमधून एखादी इंटरनॅशनल मॅच धरा. एवढ्या मोजक्या रात्री मॅच संपल्यावर तासभर गाड्या सोडल्या तरी बस. चेन्नईत चेपॉकच्या मॅचला हे करून दाखवलंय, गाड्या उशिरापर्यंत ठेवल्या आणि मॅचच्या तिकिटावरच मेट्रोचा प्रवास फुकट दिला. अहमदाबादलाही मोटेराच्या मॅचला वेळ वाढवतात. मग मुंबईतच का नको?

आणि हा फक्त आमच्या सोयीचा प्रश्न नाहीये. वानखेडेत तीस हजारांवर माणूस बसतो आणि शेवटचा बॉल पडला की सगळा एकाच वेळी बाहेर येतो, त्यातला मोठा भाग चर्चगेट आणि मरीन लाईन्सच्या प्लॅटफॉर्मवर. एल्फिन्स्टन स्टेशनच्या ब्रिजवरची चेंगराचेंगरी आपण विसरलो नाही, २९ सप्टेंबर २०१७, जीव गेले ते सकाळी कामावर निघालेल्या माणसांचे. जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, तेही जिंकल्याच्या आनंदात. गर्दीला दोन वाटा मिळाल्या तर ती हलकी होते, इतकं साधं आहे. फक्त मेट्रोच्या दारात बॅग स्कॅनिंग आणि तिकिटाची रांग एकत्र होऊ नये, त्यासाठी येतानाच परतीचं तिकीट काढून घेता आलं पाहिजे.

एक अजून सांगते. स्टेडियममध्ये बॅग नेऊ देत नाहीत, त्यामुळे ऑफिसमधून थेट येणारी माणसं बॅग कुठे ठेवू म्हणून बाहेर फिरत असतात. चर्चगेट मेट्रो स्टेशनात मॅचपुरती पैसे घेऊन बॅग ठेवायची सोय केली तर किती जणांचा जीव भांड्यात पडेल, विशेषतः मुलींचा.

सीझनचं वेळापत्रक लागलं की त्याच आठवड्यात शेवटच्या मेट्रोची वेळही जाहीर करा, म्हणजे तिकीट काढतानाच ठरवता येईल की शेवटच्या बॉलपर्यंत बसायचं की सतराव्या ओव्हरला उठायचं.

आपली नम्र,
एक वाचक, मरोळ, अंधेरी पूर्व