दुधात फ्लोराइड घालण्याआधी हापशाचे पाणी मोजा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

शाळेच्या दुधात फ्लोराइड घालून मुलांचे दात किडण्यापासून वाचवावेत, हा विचार नवा नाही, वेडगळ तर मुळीच नाही. बँकॉकच्या शाळांत 2000 पासून 200 मिली दुधातून 0.5 मिलिग्रॅम फ्लोराइड दिले जाऊ लागले. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलने 2016 मध्ये 189 मिलीच्या पाकिटात 0.8 मिलिग्रॅम घालायला सुरुवात केली. असा प्रस्ताव कधी आपल्या टेबलावर आला, तर त्यात ही दोन नावे असणारच. पण त्या दोन्ही शहरांच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड कमी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या अनेक हापशांचे तसे नाही.

बोअरचे पाणी खडकातून फ्लोराइड घेऊन येते. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम, बायकार्बोनेट जास्त असले की ते अधिक विरघळते. गंमत अशी, की असल्या पाण्याला साबणाचा फेस चांगला येतो, डाळही लवकर शिजते. त्यामुळे घरात त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. चव नाही, रंग नाही, वास नाही. एकाच गावातल्या दोन बोअरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तालुक्याची सरासरी इथे कुचकामी.

आता हिशोब बघा. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. आठ वर्षांच्या मुलाने असे 1.5 चे पाणी दिवसाला दीड लिटर प्यायले, तर पोटात 2.25 मिलिग्रॅम गेले. अमेरिकेत 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची वरची मर्यादा 2.2 आहे. म्हणजे दुधाचे पाकीट फोडण्याआधीच माप भरले, तेही पाणी मानकात ‘पास’ असताना! म्हणूनच तिथल्या दंतवैद्यांच्या तक्त्यात पाण्यात लिटरला 0.6 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर गोळ्या-थेंबांतून द्यायची फ्लोराइडची पूरक मात्रा शून्य आहे.

डेअरीतला भाग कागदावर सोपा दिसतो. 200 मिलीत 0.5 मिलिग्रॅम म्हणजे लिटरला 2.5. सोडियम फ्लोराइडच्या 2.21 मिलिग्रॅममधून 1 मिलिग्रॅम फ्लोराइड मिळते, तेव्हा 10,000 लिटरच्या टाकीला साधारण 55 ग्रॅम पावडर लागेल. चहाच्या कपाच्या तळाशी मावेल एवढीच. ती कोरडी टाकायची नाही. शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलायची, शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि ढवळणी चालू असताना टाकीत सोडायची. पहिले, मधले आणि शेवटचे पाकीट फोडून फ्लोराइड इलेक्ट्रोडवर (फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणावर) मोजायचे आणि तिन्ही आकडे जुळल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दशांश चिन्ह एक घर सरकले आणि 550 ग्रॅम पडले, तर प्रत्येक मुलाच्या पोटात 5 मिलिग्रॅम जातील. मळमळ, उलट्या होऊ शकतात, आणि त्या शेकडो मुलांना एकाच दुपारी होतील.

ही पावडर पांढरी असते आणि दुधाची भुकटीही पांढरीच. नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका सरकारी मनोरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात झुरळे मारायचे सोडियम फ्लोराइड दुधाची भुकटी समजून अंड्यांत मिसळले गेले. 47 रुग्ण दगावले. भुकटी आणि फ्लोराइड एकाच छताखाली ठेवायचे असेल तर निराळी खोली, निराळे कुलूप आणि रंगीत डबे हवेत. त्याच लाइनवर बाजाराचे दूधही भरले जात असेल, तर मधल्या धुलाईची नोंद हवी. आणि शाळेतले पाकीट दप्तरातून घरी जाऊन दोन वर्षांच्या धाकट्या भावंडाला मिळणार नाही, याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

एवढे करून पुरावा किती? वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली, 180 मुलांची, तीही अप्रकाशित. फायदा दिसला, पण पुरावा कमी प्रतीचा ठरला. शिवाय फ्लोराइडचे मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालते आणि दूध मिनिटभरात घशाखाली उतरते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी कामाचे किमान दिवस आहेत 200. उरलेल्या 165 दिवसांचे काय? त्यातून दूध साखर घातलेले, सुगंधी असेल, तर बोलायलाच नको.

पैसा दातांवरच खर्चायचा असेल, तर दुपारच्या जेवणानंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली ब्रश करून घ्या. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंत, म्हणजे ग्रॅमला 1 मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराइड चालते. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम, आणि तेही थुंकायचे असते. किडीचे प्रमाण जास्त असेल तिथे वर्षातून दोनदा 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे दातांवरचा लेप, लावावे. अंगणवाडीत मात्र फ्लोराइडचे दूध कुठल्याही परिस्थितीत नको. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या कायमच्या दातांवरचे आवरण हिरडीच्या आत तयार होत असते, आणि फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडचे, डाग तेव्हाच पडतात. ते पुढे कुठल्याही मंजनाने जात नाहीत.

तरीही कमी फ्लोराइडच्या एखाद्या शहरात प्रयोग करायचाच असेल, तर राज्यभराचा एकच शासन निर्णय काढू नका. आधी प्रत्येक शाळेचा आणि मुले घरी पितात त्या स्रोताचा आकडा घ्या. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. गावपातळीवरच्या पाणी तपासणीच्या किटमध्ये गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकला की फ्लोराइड आहे एवढे कळते, पण निर्णयासाठी प्रयोगशाळेचाच आकडा धरा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीने, म्हणजे तुरटी-चुन्याने, फ्लोराइड काढलेल्या पाण्याबाबत विशेष जपा. तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात उरले तर रंगाची चाचणी खरा आकडा कमी दाखवते. असा नमुना पाठवताना बाटलीवर ‘तुरटी वापरली आहे’ असे लिहायला सांगा.

आपले,
दात, दूध आणि पाणी यांच्याशी रोजचा संबंध असलेले काही जण