एम.एस्सी. कशाला, ते लिहिते

सांगली

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, गुडघ्याला शेक देतेस ना? टाळाटाळ करू नकोस. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बी.एस्सी., बी.एड. झालंय, क्लास बरा चाललाय, मग आता परत कॉलेज कशाला?" कोल्हापूरच्या एसटीत उभी होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

नोकरीचं आधी सांगते. अकरावी-बारावीला गणित शिकवायचं तर बी.एड.च्या जोडीला एम.एस्सी. लागते, तीही किमान सेकंड क्लास. पुढे कॉलेजात प्राध्यापक व्हायला सेट-नेट ही परीक्षा द्यायची तर खुल्या गटाला एम.एस्सी.त 55 टक्के हवेत. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यामुळे मला एम.एस्सी.ला दोन वर्षं. हल्ली चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्या पोरांचं एका वर्षात भागतं. दोन वर्षांत चार सत्रं, एका सत्राला 22 क्रेडिट, एकूण 88. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, म्हणून रोजची ये-जा. सकाळची बॅच त्यासाठीच बंद केली, संध्याकाळची चालू आहे. तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पही करायचा आहे. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर डिप्लोमा हातात मिळतो, पण मला थांबायचं नाही.

आणि बाबा, नुसत्या नोकरीसाठी एवढी धावपळ मी केली नसती. तुम्हाला आकड्यांची आवड, म्हणून एक गोष्ट सांगते. भिंतीवरचं घड्याळ बघा. त्यातले 12, 3, 6, 9 घ्या. यातले कुठलेही दोन मिळवले, 12 च्या पुढे गेलं की परत फिरून आलं, तरी उत्तर या चारांतच येतं. 12, 4, 8 घेतलेत तरी तसंच. पण असे पाच आकडे शोधून बघा. सापडायचे नाहीत, कारण 12 ला 5 ने भाग जात नाही. हा लाग्रांज या गणितज्ञाचा सिद्धांत, कुठल्याही सांत, म्हणजे मोजता येतील एवढ्याच घटकांच्या, ग्रुपला लागू. ग्रुप म्हणजे घड्याळासारखा संच, ज्यात दोन घटक जोडले तरी उत्तर आतच राहतं आणि केलेलं उलटवताही येतं. त्याच्या आतला तसाच छोटा संच म्हणजे उपगट.

मग वाटतं, ज्याने भाग जातो तेवढ्यांचा उपगट सापडणारच. घड्याळात सापडतो. पण चार वस्तूंच्या सम अदलाबदली, म्हणजे दोन-दोन वस्तूंच्या जागा सम वेळा बदलून होणाऱ्या, घेतल्या तर त्याही 12 च भरतात, आणि त्यात सहांचा उपगट नाही! असता, तर तो बरोबर अर्धा असल्याने प्रत्येक अदलाबदलीचा वर्ग, म्हणजे तीच दोनदा केली की येणारी अदलाबदल, त्यात यावी लागली असती. तीन वस्तू गोल फिरवणाऱ्या आठही अदलाबदली कुणाच्या ना कुणाच्या वर्ग आहेत. सहांत आठ मावणार कशा? सरांनी फळ्यावर हे चार ओळींत मांडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बी.एस्सी.ला मी हे पाठ करून लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आता एकेक पायरी का, ते लिहावं लागतं, आणि तेच मला हवं होतं.

पैशांची काळजी करू नका, फी भरली आहे. पोराचा डबा हे करतात.

परीक्षा दिवाळीनंतर आहे. त्यामुळे यंदा घेवडा काढायला येणं जमणार नाही. दादाला सांगा, मजूर आधीच बघून ठेव म्हणावं. पाडव्याला संध्याकाळपर्यंत कोरेगावात पोचते, भाऊबीज करून निघेन. आई, फराळाचा घाट एकटीने घालू नकोस. चकल्या मी आल्यावर करू.

तुमची,
सुमी