विजेच्या स्पंदांनी जिवाणू मरतात, पण सगळे नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेच्या स्पंदांनी, म्हणजे अगदी क्षणभर टिकणाऱ्या पल्सनी, फळांच्या रसातले जिवाणू मारण्याच्या तंत्रावर आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसे काही छापून येत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच. मात्र उष्णता न देता रस पूर्ण निर्जंतुक होतो, असे त्यात ठासून म्हटले आहे. यातली दोन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि त्या भरवशावर कुणी अशी बाटली फ्रिजबाहेर ठेवली तर ते महागात पडू शकते.

जिवाणू इथे शॉक बसून मरत नाही, त्याचे पेशीपटल फाटते. हे पटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे. बाहेरून जोरदार विद्युतक्षेत्र लावले की पटलाच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार साचतो आणि तिथला विद्युतदाब साधारण एक व्होल्टपलीकडे गेला की पटलाला भोके पडू लागतात. एक व्होल्ट किरकोळ वाटतो, पण एवढ्याशा जाडीवरचा एक व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरच्या हिशेबात वीस लाख व्होल्ट झाले. भोके बारीक आणि मोजकी असतील तर पटल ती बुजवून घेते. मोठी झाली की आतले क्षार आणि बाकीचा ऐवज बाहेर झिरपतो आणि पेशी संपते. हा परिणाम उष्णतेचा नाही, विद्युतविघटनातून तयार होणाऱ्या रसायनांचाही नाही, हे सेल (Sale) आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवले. त्याच्याही आधी, १९६० साली, जर्मनीत डोव्हेनस्पेक यांनी या तंत्राचे पेटंट घेतले होते. लेखात ज्याला 'अगदी नवे' म्हटले आहे ते तंत्र साठी उलटलेले आहे.

सगळा प्रश्न पटलाचा आहे हे ध्यानात घेतले की तंत्राच्या मर्यादाही उलगडतात. पटलावरचा दाब पेशीच्या आकारानुसार वाढतो. यीस्टची पेशी पाचएक मायक्रोमीटरची, तिला तुलनेने कमी क्षेत्र पुरते. एक मायक्रोमीटरच्या जिवाणूसाठी मात्र दर सेंटिमीटरला वीस ते चाळीस हजार व्होल्टपर्यंत जावे लागते. बटाट्याची पेशी तर इतकी मोठी की सेंटिमीटरला हजार व्होल्टच्या आसपासच तिचे काम होते. वेफर्स आणि फ्राईजच्या कारखान्यांत हीच यंत्रे बटाटा मऊ करून सुबक कापण्यासाठी वापरतात, त्याचा जंतू मारण्याशी संबंध नाही. आणि बीजाणू? जाड कवचात कोरडे, निपचित पडलेले हे जीव या स्पंदांना जवळजवळ दाद देत नाहीत. आंबट रसात ते बहुधा रुजत नाहीत म्हणून चालून जाते. आम्लता कमी असलेल्या पेयात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मागे राहिले तर गाठ बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या विषाशी असते. रसातली विकरेही, म्हणजे एन्झाइम्स, बरीचशी शाबूत राहतात, कारण त्यांना फाटायला पटलच नसते. पूर्ण निर्जंतुक असा दावा मग कशाच्या जोरावर करायचा?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत जवळपास हेच विद्युतक्षेत्र अगदी उलट कामासाठी वापरतो: जिवाणूच्या आत डीएनए घालायला. एक मिलिमीटर अंतरावरच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये ई. कोलाय या जिवाणूंचा थेंब ठेवायचा आणि १८०० व्होल्टचा एक स्पंद द्यायचा. म्हणजे सेंटिमीटरला अठरा हजार व्होल्ट, जिवाणू मारायला लागणाऱ्या क्षेत्राला जवळजवळ भिडलेले. तरी पुष्कळ पेशी जगतात. त्यासाठी आम्ही त्यांना बर्फात ठेवतो, एकच स्पंद देतो आणि लगेच पोषक द्रवात टाकून तासभर ३७ अंशांवर सावरू देतो. द्रव घालायला हलगर्जी केली तर हाती लागणाऱ्या पेशी झपाट्याने घटतात. पेशी धुताना थोडे मीठ राहून गेले तर फाटकन आवाज होतो, ठिणगी पडते आणि नमुना फुकट जातो. विद्यार्थी या आवाजाने एकदा तरी दचकतोच. कारखान्यातही खारट द्रव आणि हवेचे बुडबुडे ही याच कारणाने डोकेदुखी असते.

जखमी पेशी सावरते, ही गोष्ट रसाच्या तपासणीतही विसरून चालत नाही. रसाला स्पंद दिल्याबरोबर कडक निवडक माध्यमावर, म्हणजे ठरावीक जिवाणूच वाढू देणाऱ्या माध्यमावर, नमुना पसरला तर अर्धमेल्या पेशी तिथे वाढत नाहीत आणि आकडा फसवा छान येतो. त्याच पेशींना साध्या पोषक माध्यमावर सवड मिळाली तर त्यातल्या काही उठून बसतात. रसाच्या आम्लात त्या बहुधा टिकत नाहीत हे खरे, पण ते मोजूनच सांगायला हवे.

आता उष्णतेबद्दल. एक किलो रसाला १०० किलोज्यूल ऊर्जा दिली की तो सुमारे २४ अंशांनी तापतो. वीज असली म्हणून हे चुकत नाही. शिवाय गरम पटल लवकर फाटते म्हणून अनेक ठिकाणी रस आधीच ३५ ते ४० अंशांपर्यंत कोमट करून घेतात. यंत्रातून तो साठीच्या घरात बाहेर पडतो आणि लगेच थंड केला जातो. दुधाच्या पाश्चरीकरणातल्या ७२ अंश आणि १५ सेकंदांपेक्षा हे नक्कीच सौम्य आहे, चव आणि वास टिकतात ते त्यामुळेच. पण याला उष्णताविरहित कसे म्हणणार?

अमेरिकेत रसासाठी जो निकष आहे तो रोगकारक जिवाणूंची संख्या एक लाखपट कमी करण्याचा, ज्याला ५ लॉग म्हणतात. मिलिलिटरमागे दहा लाख असतील तर दहा उरले तरी निकष पुरा होतो. म्हणूनच असा रस थंडच ठेवावा लागतो आणि त्याची मुदत महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजतात.

एक धोक्याची सूचनाही छापायला हवी होती. प्लगमधली वीज रसात सोडून घरी हा प्रयोग कुणी करू नये. दोन-अडीचशे व्होल्टने सेंटिमीटरभर अंतरात जिवाणूचे काही बिघडत नाही. रस तापतो, धातू त्यात उतरतो आणि करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

या विषयावर पुन्हा लेख आलाच तर कोणता जिवाणू, किती लॉग आणि रस यंत्रातून बाहेर पडतानाचे तापमान, एवढे तरी त्यात द्यावे ही विनंती.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक अध्यापिका