ताई, फॅटचा रकाना भरला

ताई,

"किरकोळ काम होतं रे, त्याचं काय एवढं," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तुमच्या दृष्टीनं किरकोळ असेल. इकडं त्या किरकोळ कामापायी मालकांची झोप उडाली होती आणि एका पोरीची नोकरी जायची वेळ आली होती. म्हणून चार लोकांच्या देखत आभार मानतोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. शिरोली एमआयडीसीत आम्ही दूध संकलन केंद्रावरच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवतो. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासलं जातं आणि पावती निघते. गावात दुधाचा दर फॅटवर ठरतो, त्यामुळं त्या रकान्याकडं माणूस रकमेच्याही आधी बघतो. फॅट सहाच्या जागी पाच पॉइंट आठ आलं तरी सचिवाला जाब विचारणारी माणसं आहेत. आमच्या प्रोग्रॅमच्या नव्या रिलीजनंतर पावतीवरचा तो रकाना कोराच यायला लागला. एसएनएफचाही. लिटर, दर, रक्कम मात्र चोख, कारण ते आकडे आम्ही आत पूर्णांकात ठेवतो. जिथं दशांश चिन्ह होतं तिथं नुसती मोकळी जागा. पैसे बरोबर आणि फॅट कोरं! यात काही काळंबेरं नाही हे कुणाला पटवणार?

पावती छापायच्या कोडला कुणी हातही लावला नव्हता. बदललं होतं ते बिल्ड करणारं मशीन, म्हणजे कोडपासून चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम बनवणारा कॉम्प्युटर. ज्या जुन्या डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं प्रत्येक रिलीज निघायचं, त्याची हार्डडिस्क गेली. डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या आमच्या ट्रेनी पोरीनं नव्या लॅपटॉपवर रेपो, म्हणजे प्रकल्पाचा सामाईक कोडसाठा, घेतला, टूल्स टाकली, सांगितलं होतं तसं बिल्ड केलं. एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही. आणि पावत्या कोऱ्या निघाल्यावर "नवीन पोरीनं काहीतरी घोळ घातला" हे वाक्य शॉपभर फिरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

तुमच्या आधी कुणाकुणाकडं गेलो तेही सांगतो, त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळायचं नाही. ज्यांनी ते मशीन लावलं होतं ते गृहस्थ आता बेंगळुरूला असतात. फोनवर म्हणाले, "माझ्याकडं तर व्यवस्थित चालत होतं." बरं वाटलं ऐकून! मग एका सल्लागार कंपनीला बोलावलं. त्यांची दोन माणसं आली, फळ्यावर चौकटी आणि बाण काढले, "तुमची प्रोसेस मॅच्युअर नाही" असं सांगितलं आणि एक भलीमोठी डॉकर इमेज (सगळी टूल्स भरलेला तयार गठ्ठा) देऊन गेली. त्या इमेजमध्ये कम्पायलर, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारं टूल, कुठला? तर "लेटेस्ट". म्हणजे आज एक, सहा महिन्यांनी दुसराच. त्यातून केलेल्या बिल्डनंही फॅट कोरंच छापलं. त्यांचं बिल मात्र पहिल्या फटक्यात बिल्ड झालं, जीएसटीसकट. मालकांचं ते पैसे देतानाचं तोंड मी विसरणार नाही.

गौरी-गणपतीला तुम्ही माहेरी आला होता. सणाच्या दिवसांत कुणाला कामाचं सांगावं असं नव्हतं, पण तुमच्या भावानं माझ्यादेखत विषय काढला आणि तुम्ही गौरीजेवणानंतर साडी न बदलता तशाच कारखान्यात आलात. पहिला प्रश्न विचारलात तो असा: "जुन्या रिलीजची मॅप फाइल कुठं आहे का?" तयार तुकडे जोडून प्रोग्रॅम पुरा करणारा लिंकर बिल्डच्या शेवटी ही फाइल लिहितो, कुठला तुकडा कुठून उचलला याची यादी असते ती. आमच्याकडं ती कुणी कधी उघडली नव्हती, पण बॅकअपमध्ये होती. जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावली, आणि जुन्या यादीत असलेलं एक नाव नव्या यादीत नव्हतं. प्रिंटएफ फ्लोट.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: छोट्या चिपवर जागा वाचवायची म्हणून न्यूलिब-नॅनो नावाची आखूड लायब्ररी वापरतात. तिच्यातलं प्रिंटएफ हे छपाईचं फंक्शन दशांश आकडे आपणहून छापत नाही. छापायचे असतील तर लिंकरला त्या तुकड्याचं नाव घेऊन सांगावं लागतं. न सांगितलं तर बिल्ड निमूटपणे होतं आणि आकड्याच्या जागी काहीच येत नाही. जुन्या मशीनवर हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं, पण प्रकल्पात नव्हे. त्या मशीनच्या बॅशआरसी या खासगी सेटिंग फाइलमध्ये, लिंकरच्या सूचना ठेवणाऱ्या एलडीफ्लॅग्ज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. बिल्डची मांडणी करणारं सीमेक हे टूल पहिल्यांदा कॉन्फिगर होताना ते गुपचूप वाचतं, कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या टिपणवहीत, टिपून ठेवतं, आणि मग ते कुठून आलं याची कुणाला आठवणही राहत नाही. हार्डडिस्क गेली तशी ती ओळ गेली. रेपोमध्ये शोधून सापडणार कशी, ती तिथं कधी नव्हतीच.

मालक, मी, ती पोरगी, स्टोअरचे दोघे, सगळे खुर्चीमागं उभे होतो. तुम्ही वळून म्हणालात, "हिनं बिल्ड बरोबरच केलंय. हिला जे कुणी सांगितलंच नाही ते ही कुठून आणणार?" एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाहीत.

लिंकरला द्यायची ती सूचना, म्हणजे फ्लॅग, प्रकल्पाच्या लिंक ऑप्शन्समध्ये गेली, पावती नीट आली. इतर कुणी असतं तर इथं चहा पिऊन उठलं असतं. तुम्ही मात्र कारखान्यातल्या बाकीच्या मशीनवर काय काय आहे ते बघायला लागलात. एकावर उबंटू १८.०४, दुसऱ्यावर २०.०४, नव्या लॅपटॉपवर २२.०४. तिन्हीकडं आर्म चिपसाठीचा कम्पायलर उबंटूच्याच पॅकेजमधून घेतलेला: पहिल्यावर ६.३.१, दुसऱ्यावर ९.२.१, तिसऱ्यावर १०.३.१. एकच प्रकल्प, तीन कम्पायलर, आणि पाथमध्ये, म्हणजे टूल्स शोधायच्या जागांच्या यादीत, जो आधी सापडेल तो खरा. त्यातून सीमेकला टूलचा पत्ता एकदा सापडला की तो कॅशमध्ये बसतो, मग तुम्ही पाथ कितीही बदला, ते जुन्याच पत्त्यावर जात राहतं. "बिल्ड फोल्डर उडव आणि परत चालव" हा आमच्याकडचा रामबाण उपाय का लागू पडायचा ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही म्हणालात, "काय हवं ते प्रकल्पानं सांगायचं. ते कुठं ठेवलंय ते मशीननं सांगायचं. दोन्ही एकाच फाइलीत घातलं की भांडण आलंच." त्याप्रमाणं कम्पायलरची आवृत्ती, फ्लॅग, नॅनोपीबीच्या (डेटा ठरलेल्या साच्यात बांधणाऱ्या लायब्ररीच्या) जनरेटरची आवृत्ती हे सगळं टूलचेन फाइल आणि प्रीसेट या सीमेकच्या सेटिंग फाइलींमध्ये घालून रेपोमध्ये गेलं. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरचे पत्ते यूझर प्रीसेटमध्ये, ते गिटमध्ये, म्हणजे सामाईक रेपोत, जात नाहीत. प्रीसेटची ही सोय सीमेक ३.१९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, फळ्यावर बाण काढणाऱ्यांनीही नाही. बाकीचा तपशील लिहीत नाही, तो रेपोमध्ये आहे.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या पाऊण तासाबद्दल.

तुम्ही एक तपासणी घातलीत: कम्पायलरची आवृत्ती चुकीची असेल तर बिल्ड सुरूच होऊ नये, मेसेज देऊन थांबावं. मेसेज लिहिलात, "कम्पायलरची आवृत्ती जुळत नाही." मी म्हटलं झालं, कमिट करू. तुम्ही त्या पोरीला बोलावलंत, स्वतःची खुर्ची दिलीत, मुद्दाम चुकीचा कम्पायलर लावून बिल्ड चालवायला सांगितलंत आणि म्हणालात, "मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. मग भीत भीत विचारलं, "कुठला कम्पायलर? कशाशी जुळत नाही?"

तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत. कीबोर्ड पुढं ओढून मेसेजच बदललात. आता त्यात सापडलेल्या कम्पायलरचा पूर्ण पत्ता आला, त्याची आवृत्ती आली, हवी असलेली आवृत्ती आली. परत वाच. वाचलं. "मग आता मी काय करू?" पुन्हा मेसेज बदलला, कुठली फाइल उघडायची आणि कुठली कमांड द्यायची ते आलं. परत वाच. कमांड दिली तरी तोच मेसेज येत होता, कारण कॅश. "बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा कॉन्फिगर कर" ही ओळ वाढली. जिथं ती अडखळली तिथं तुम्ही शब्द बदलत गेलात, तिला एकदाही "अगं, सोपं आहे" म्हणाला नाहीत. शेवटी तिनं सगळं एका दमात वाचलं, काही न विचारता हात चालवले आणि बिल्ड झालं. मेसेजच्या खाली तुम्ही अजून एक ओळ टाकलीत: "तरी अडलं तर विचार. हा लॅपटॉप असा मिळाला यात तुझी चूक नाही."

मालक ते वाचून बराच वेळ स्क्रीनकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पोरीला केबिनमध्ये बोलावलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, पण बाहेर आली ती हसत आली, आणि तिचं कन्फर्मेशनचं पत्र महिनाअखेरीस निघालं.

आमच्या धंद्यात हुशार माणसांची वाण नाही. पण आपल्याला कळलेलं दुसऱ्याला कळेल अशा जागी ठेवणं, हे फार थोडे करतात. बरेच जण ते स्वतःच्या बॅशआरसीमध्ये ठेवतात आणि नोकरी बदलताना सोबत घेऊन जातात. मुद्दाम नव्हे, पण नेतात. उलट बाजूची माणसंही आहेत म्हणा. नॅनोपीबीची जुनी फाइल नव्या लायब्ररीबरोबर लावली तर कम्पायलर थांबतो आणि "ही फाइल चालू आवृत्तीच्या जनरेटरनं पुन्हा बनव" असं सरळ सांगतो. कुठल्या देशात बसून कुणी ती ओळ लिहिली असेल कोण जाणे, पण शिरोलीतल्या पोरीचा एक तास तिनं वाचवलाय. खुद्द सीमेक आलं तेही यातूनच. २००० च्या सुमारास अमेरिकेत वैद्यकीय प्रतिमांच्या आयटीके नावाच्या प्रकल्पावर वेगवेगळ्या संस्थांतली माणसं काम करत होती, प्रत्येकाचं मशीन वेगळं, आणि तेच सॉफ्टवेअर सगळीकडं बिल्ड व्हायला हवं होतं. किटवेअरच्या लोकांनी त्या गरजेतून हे टूल बनवलं. म्हणजे दुखणं जुनंच आहे, औषधही आहे. देणारा माणूस नीट बसून द्यायला तयार हवा. तुम्ही बसलात, तेही सणाच्या दिवशी, नेसत्या पैठणीला ग्रीसचा डाग लागला तरी. (डागाबद्दल स्टोअरवाल्यांनी माफी मागितलीय. ती खुर्ची भंगारात काढली.)

आता कामाचं. कम्पायलर, नॅनोपीबी आणि बिल्डच्या पायऱ्या चालवणारं निंजा, तिघांचीही तपासणी लागलीय. फक्त चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं टूल अजून ज्याच्या त्याच्या पाथवर आहे. त्याची तपासणी ती पोरगी लिहितेय, आणि मेसेज वाचायला तिनं पॅकिंगमधल्या एका काकांना धरलंय. काकांनी दोनदा नापास केलाय. तिसरा खर्डा तुम्हाला पाठवायचा म्हणतेय, तेव्हा तिचा मेसेज आला तर तेवढं बघा.

दिवाळीला येणार असाल तर आधी कळवा. मालक तुमच्या येण्याजाण्याच्या खर्चाचा आणि साडीचा विषय काढणार आहेत. या वेळी नको म्हणू नका, नाहीतर ते मला बोलतात.

आपला,
शिरोलीचा